कॉलसाइन मिळाल्यानंतर

१९८७ च्या नोव्हेंबरमध्ये जपानात एक चित्रपट झळकला. बर्फाळ डोंगरावर स्कीइंगला निघालेली तरुण मंडळी, त्यांच्या गाड्या, त्यांची प्रेमं, आणि या गाडीतून त्या गाडीशी बोलण्यासाठी हातात छोटे रेडिओ संच. हे संच वापरायला सरकारी परवाना लागे, आणि तो परवाना हौशी रेडिओचा, म्हणजे आपण ज्याला हॅम रेडिओ म्हणतो त्याचा, सर्वांत प्राथमिक वर्गाचा होता. चित्रपट तरुणांनी उचलून धरला आणि मुळात वाढत असलेली परवानाधारकांची संख्या आणखी चढली. १९९५ च्या सुमारास जपानातल्या हौशी केंद्रांची संख्या साडेतेरा लाखांवर गेली होती. जगात दुसऱ्या कुठल्याही देशात एवढी हौशी केंद्रं नव्हती. मग मोबाइल फोन आला, आणि संख्या जी घसरायला लागली ती थांबलीच नाही. आज ती चार लाखांच्याही खाली आहे. परीक्षा अवघड झाली नव्हती, संच महागले नव्हते, सरकारनं कुठली बंदी घातली नव्हती. मित्राशी डोंगरावरून बोलता यावं एवढ्यासाठी लाखो माणसं या छंदात आली होती. ते काम करणारं अधिक सोयीचं यंत्र मिळालं आणि ती निघून गेली.

नवी माणसं हौशी रेडिओकडे कशी येतील, ही चर्चा जगभरच्या क्लबांमध्ये सतत चालू असते. भारतात ती जास्तच कळकळीनं होते, कारण आपली संख्या लहान आहे. १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्त यांना आपल्याकडचा पहिला हौशी परवाना मिळाला. त्याला शंभर वर्षं उलटून गेली, तरी दीडशे कोटींच्या आसपास पोचलेल्या या देशात परवानाधारकांची संख्या वीस-बावीस हजारांच्या घरातच सांगितली जाते. अमेरिकेत ती साडेसात लाखांच्या आसपास आहे. ही तफावत पाहिली की उपाय म्हणून लगेच तीन गोष्टी पुढे येतात: शाळा-कॉलेजांत प्रात्यक्षिकं करा, परीक्षा सोपी करा, सरकारी कारभार सुटसुटीत करा. तिन्ही योग्यच आहेत. पण तिन्हींचा रोख माणूस दारापर्यंत कसा येईल यावर आहे. तो आत आल्यावर काय होतं, याचा हिशेब फारसा कुणी ठेवत नाही. माझं म्हणणं असं आहे की या छंदाची खरी गळती दाराबाहेर नाही. ती परवाना हातात पडल्यापासून पहिल्या वर्ष-दीड वर्षात होते, आणि ती थांबवण्याची बरीचशी शक्ती सरकारपेक्षा जुन्या हॅम मंडळींच्या हातात आहे.

आधी हा छंद म्हणजे नेमकं काय, हे पाहायला हवं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं हौशी सेवेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात तीन गोष्टी येतात: स्वतःला शिकवणं, एकमेकांशी संपर्क साधणं आणि तांत्रिक शोध घेणं. हे सगळं केवळ वैयक्तिक आवडीतून आणि कुठल्याही आर्थिक लाभाशिवाय. या सेवेसाठी लहरींचे ठरावीक पट्टे राखून ठेवले आहेत. आपल्याकडे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे हातातल्या संचावर जवळपासच्या माणसाशी किंवा उपग्रहाशी बोलायला उपयोगी पडतात. सात मेगाहर्ट्झवर सकाळी देशभरातली माणसं एकमेकांना भेटतात. चौदा, एकवीस, अठ्ठावीस मेगाहर्ट्झवर आयनमंडलावरून परतणाऱ्या लहरींच्या आधारानं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाशी बोलता येतं. परीक्षा दोन दर्जांची आहे. ‘रिस्ट्रिक्टेड’ वर्गाला मोर्स संकेतलिपी लागत नाही; ‘जनरल’ वर्गाला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स पाठवता आणि घेता यावं लागतं. बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षेला बसता येतं. परवान्यासोबत मिळणारा कॉलसाइन, व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीनं सुरू होणारा, जगात एकाच माणसाचा असतो. व्याख्येतली पहिली गोष्ट ‘स्वतःला शिकवणं’ ही आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. जपानच्या त्या लाखो तरुणांना शिकायचं नव्हतं, त्यांना बोलायचं होतं. त्यात त्यांची चूक काहीच नाही. बोलायला आलेल्यांना शिकण्याची गोडी लावणारं कुणी भेटलं नाही, ही चूक ज्यांची होती ते आधीपासून तिथे होते.

आता आपल्याकडच्या नवख्याचा प्रवास पाहू. एखादा पॉलिटेक्निकचा विद्यार्थी प्रात्यक्षिक पाहतो, भारावतो, अभ्यास करतो, परीक्षा देतो. पुढे निकाल, मग अर्ज, मग पोलिस पडताळणी. अर्ज हल्ली ऑनलाइन होतो, तरी पडताळणीला महिने लागू शकतात. परवाना आल्यावर संचाचा प्रश्न येतो. चांगला परदेशी ट्रान्सीव्हर लाखाच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातो. स्वस्त चिनी हातसंचांवर अनेक नवशिक्यांची सुरुवात होत असे, पण त्यांच्या ऑनलाइन विक्रीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये कडक मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. संच आला तर अँटेना कुठे लावायची? गच्ची सोसायटीची, कमिटीत कुणाला तरी वाटतं की या तारेनं टीव्ही बिघडेल किंवा वीज पडेल. तेही जमलं, तर शहरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर आणि लिफ्टची यंत्रणा यांचा एवढा गोंगाट लहरींवर असतो की दूरचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो. आणि एवढं सगळं पार करून तो पहिल्यांदा माइकचं बटण दाबतो, थरथरत्या आवाजात आपला कॉलसाइन सांगतो, तेव्हा समोरून उत्तरच येत नाही. किंवा येतं ते असं, की कॉलसाइन सांगायची पद्धत चुकली, वेळ चुकली, फ्रीक्वेन्सी चुकली. पाच-सहा अडथळे पार करून आलेला माणूस या शेवटच्या ठिकाणी परत फिरतो. कागदावर मात्र तो परवानाधारकच राहतो, त्यामुळे तो गेल्याचं कुणाला कळतही नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: यातले बहुतेक अडथळे सरकारी आहेत, क्लबांना दोष कशाला? आक्षेपात तथ्य आहे. वायरलेस संचाकडे संशयानं पाहण्याची इथल्या राज्ययंत्रणेची सवय जुनी आहे. १९३९ साली युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारनं हौशी परवाने रद्द केले, ट्रान्समीटर ताब्यात घेतले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत जो गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला, त्याला तांत्रिक हात लागले ते नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या जुन्या हॅमचे. आणि तो चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. सरकारच्या दृष्टीनं तो संशय खरा ठरला होता, आपल्या दृष्टीनं तो अभिमानाचा इतिहास आहे. स्वतंत्र भारतानं संशय सैल केला, पण सोडला नाही. सीमेवरची आणि अंतर्गत सुरक्षेची स्थिती पाहता तो एका रात्रीत जाईल अशी अपेक्षाही करू नये. पडताळणीला ठरावीक मुदत असावी, आणि क्लबच्या केंद्रावर परवानाधारकाच्या देखरेखीखाली नवख्याला बोलता येईल अशी सुस्पष्ट तरतूद असावी, या मागण्या रास्त आहेत आणि त्यांचा पाठपुरावा व्हायलाच हवा. अमेरिकेत हौशी केंद्रावर परवानाधारक शेजारी बसला असेल तर बिनपरवान्याचा माणूसही माइकवर बोलू शकतो. ब्रिटननं नियमांची अलीकडे पुनर्रचना केली, तेव्हा देखरेखीखालच्या वापराला अधिक मोकळीक दिली.

पण पडताळणीला सहा महिने लागत असतील, तर त्या सहा महिन्यांत क्लब त्या विद्यार्थ्याचं काय करतो, हा प्रश्न सरकारचा नाही. ऐकायला परवान्याची वाट पाहावी लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवर खुला आहे. ब्राउझर उघडून कुणीही लघुलहरींचा सगळा पट्टा फिरून पाहू शकतो, युरोपातल्या हॅमच्या गप्पा ऐकू शकतो. टीव्हीसाठी बनवलेला एक छोटा यूएसबी डोंगल सॉफ्टवेअरच्या मदतीनं बऱ्याच फ्रीक्वेन्सी पकडू शकतो, हे २०१२ मध्ये लोकांच्या लक्षात आलं आणि काही हजार रुपयांत घरात रिसीव्हर बसवणं शक्य झालं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज साध्या अँटेनानंही येतो. ग्रीसमधल्या एका संस्थेनं चालवलेल्या ‘सॅटनॉग्ज’ या जाळ्यात जगभरातले हौशी लोक उपग्रहांचे संकेत पकडून सर्वांसाठी नोंदवून ठेवतात. त्यातलं एक केंद्र आपल्या कॉलेजच्या गच्चीवर उभारणं हे एका सत्रात होण्यासारखं काम आहे. क्लबनं परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात असं काहीतरी हाती दिलं, तर परवाना येईपर्यंत त्याचे कान तयार झालेले असतील. कान तयार झालेला माणूस माइकवर बिचकत नाही, कारण बोलण्याची रीत त्यानं शेकडो वेळा ऐकलेली असते.

जनजागृतीचे मोठे प्रसंग आपल्याला कमी पडलेले नाहीत, हेही सांगायला हवं. ५ मे २००५ रोजी इस्रोनं श्रीहरिकोट्याहून ‘हॅमसॅट’ सोडला. साडेबेचाळीस किलोंचा हा उपग्रह केवळ हौशी रेडिओसाठी होता. त्यावर एक ट्रान्सपाँडर भारतीय आणि एक डच बनावटीचा होता, आणि २०१४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षं, हातात धरलेल्या छोट्या यागी अँटेनानं माणसं त्यावरून बोलत राहिली. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ कक्षेत गेला. एक किलोच्या आसपास वजनाच्या त्या उपग्रहाचं काम हौशी लहरींवरून एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या ठिकाणी पोचवण्याचं होतं. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. त्याचे संकेत पकडण्यासाठी इतर कॉलेजांनाही भूकेंद्रं उभारायला प्रोत्साहन दिलं गेलं. आणि ४ जुलै २०२५ ला अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी अंतराळ स्थानकातून हॅम रेडिओवर बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत हॅम रेडिओ हा शब्द छापून आला. याहून मोठी जाहिरात कुठल्याही छंदाला मिळणार नाही. या प्रत्येक प्रसंगानंतर किती तरी मुलांच्या मनात ठिणगी पडली असणार. पण ‘स्वयम्’सारख्या प्रकल्पावर काम केलेल्या मुलांच्या तुकड्या दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात, हौशी लहरींचं तंत्र त्यांना अनेक परवानाधारकांपेक्षा चांगलं येत असतं, आणि नोकरीच्या गावी त्यांची वाट पाहणारं, ‘येत्या रविवारी आमच्याकडे या’ असं म्हणणारं कुणी असतंच असं नाही. मोठ्या दिवसानंतरच्या रविवारी काय होतं, यावर माणूस टिकतो.

माणूस टिकण्याचं सर्वांत ठोस उदाहरण मला हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या कामात दिसतं. २००३-०४ च्या सुमारास त्यांनी ‘बिटएक्स’ नावाचा एक ट्रान्सीव्हर आरेखित केला. परदेशी संच परवडत नाही आणि परदेशी सुटे भागही इथे मिळत नाहीत, ही अडचण गृहीत धरूनच तो आखला होता. सर्किट असं, की त्यातला प्रत्येक भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या दुकानात मिळावा. कॉइल गुंडाळायला विशिष्ट फेराइट कडी मिळत नसेल तर नळाचा प्लॅस्टिकचा वॉशर चालावा. तेच टप्पे सिग्नल पाठवताना एका दिशेनं आणि घेताना उलट दिशेनं वापरले जातात, म्हणून भाग कमी लागतात. आरेखन सर्वांसाठी खुलं ठेवलं. जगभर लोकांनी तो बांधला, बिघडवला, सुधारला, आणि आपापले बदल एकमेकांना दिले. पुढे २०१६ पासून त्याचे तयार बोर्ड हैदराबादहून परदेशात जाऊ लागले, त्यातल्या कॉइल गुंडाळण्याचं नाजूक काम स्थानिक महिलांचा गट करत असे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलेला ‘मायक्रोबिटएक्स’ सगळ्या लघुलहरी पट्ट्यांवर चालणारा, दहा वॉटच्या आसपासचा, आणि त्याची मूळ किंमत शंभर डॉलरच्या थोडी वर. या संचानं जे साधलं ते किमतीपुरतं नव्हतं. विकत घेतलेला संच बंद पडला की तो दुरुस्तीला जातो आणि मालक गप्प होतो. स्वतः जोडलेला संच बंद पडला की माणूस प्रश्न विचारतो, कुणीतरी उत्तर देतं, आणि त्या उत्तरातून ओळख होते. आवाज थरथरतो आहे, फ्रीक्वेन्सी सरकते आहे, ट्रान्झिस्टर तापतो आहे: प्रत्येक दोष पुढच्या संभाषणाचं निमित्त ठरतो. नवख्याला अशी निमित्तं सतत मिळत राहिली, तर वर्षभरानं तो उत्तरं देणाऱ्यांच्या बाजूला गेलेला असतो.

इथे पैशाचा मुद्दा टाळता येणार नाही. १९८० च्या आसपास भारतात परवानाधारक दीड हजारांच्या घरात होते. त्या दशकाच्या सुरुवातीला संचांवरच्या आयातशुल्कात सूट मिळाली आणि २००० सालापर्यंत संख्या दहा हजारांच्या घरात गेली, असं नेहमी सांगितलं जातं. किंमत महत्त्वाची आहेच. परंतु ज्या गावात दहा हॅम आहेत तिथे प्रत्येकाकडे स्वतंत्र केंद्र असण्याची गरज नसते. वाचनाची आवड लागायला प्रत्येक मुलाच्या घरी पुस्तकांचं कपाट असावं लागत नाही, गावात एक चांगलं वाचनालय पुरतं. नियमांत क्लब केंद्राची सोय आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते उघडं ठेवलं, अँटेनाची व्यवस्था एकदाच नीट केली, तर नव्या परवानाधारकाचा संचाचा आणि सोसायटीच्या गच्चीचा, असे दोन्ही प्रश्न पुढे ढकलले जातात. त्यासाठी लागणारे पैसे अनेक जुन्या हॅमच्या घरी धूळ खात पडलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या संचांच्या रूपात आजही उपलब्ध आहेत.

जागेच्या प्रश्नावर आणखी एक उत्तर महाराष्ट्रात अगदी हाताशी आहे आणि त्याचा हवा तेवढा उपयोग होत नाही, याचं मला वाईट वाटतं. २००२ साली ब्रिटनमध्ये डोंगरमाथ्यांवरून हौशी केंद्र चालवण्याचा ‘समिट्स ऑन द एअर’ हा उपक्रम सुरू झाला आणि जगभर पसरला. पाठीवर मावेल असा संच, तारेची अँटेना, बॅटरी. शहराचा गोंगाट मागे राहतो आणि उंचीमुळे दोन-पाच वॉटही लांब पोचतात. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे उंची वाढली की त्यांचं क्षितिज वाढतं. कळसूबाईच्या १६४६ मीटरवरून समुद्रसपाटीच्या हिशेबानं हे क्षितिज दीडशे किलोमीटरच्या पलीकडे जातं, म्हणजे मधे दुसरा डोंगर आडवा आला नाही तर कोकणपट्टीचा मोठा भाग हातातल्या संचाच्या टप्प्यात येतो. दर शनिवार-रविवारी हजारो मराठी तरुण सह्याद्रीच्या गडांवर चढतात. जिथे मोबाइलची रेंज जाते अशा दऱ्यांचा त्यांना अनुभव आहे, नकाशा आणि दिशा त्यांना कळतात. हॅम रेडिओला हव्या त्या सगळ्या सवयी असलेली ही माणसं आहेत. परवान्याच्या अटी आणि वनखात्याचे नियम पाळून एखादा क्लब दर महिन्याला एका गडावरून केंद्र चालवत असेल आणि खालच्या शहरांतले नवखे त्याला उत्तर देत असतील, तर वर आणि खाली दोन्हीकडे माणसं तयार होतील.

सगळ्यांत नेहमीचा आक्षेप मोबाइलचा: खिशातल्या फोनवरून जगात कुणाशीही बोलता येत असताना हे कशाला? हॅम मंडळी याला आपत्तीचं उत्तर देतात. १९९९ चं ओडिशातलं महावादळ, २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी. उत्तर खरं आहे, पण नव्या माणसाला बोलावण्यासाठी ते एकटं वापरणं मला धोक्याचं वाटतं. मोठी आपत्ती रोज येत नाही. उपग्रह फोन आणि आपत्ती दलांची स्वतःची यंत्रणा आता पूर्वीपेक्षा बरीच चांगली आहे. केवळ आपत्तीच्या आशेवर आलेला स्वयंसेवक दोन वर्षं काहीच न घडल्यावर कंटाळतो. जपानमधल्या स्कीइंगवाल्यांसारखाच तोही एका उपयोगासाठी आलेला असतो. त्सुनामीचंच उदाहरण नीट पाहिलं तर वेगळी गोष्ट दिसते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात होते ते मदतकार्यासाठी नव्हे. अंदमान-निकोबारातून हौशी केंद्र चालवायची परवानगी कित्येक वर्षांनी मिळाली होती, आणि त्या दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क साधायला जगभरचे हॅम आतुर होते म्हणून ही मंडळी पोर्ट ब्लेअरला गेली होती. २६ डिसेंबरच्या सकाळी समुद्र आत आला तेव्हा त्यांचे संच लावलेले होते, अँटेना उभ्या होत्या आणि हात सरावलेले होते, म्हणून ते केंद्र बेटांचा मुख्य भूमीशी दुवा झालं. छंद जिवंत होता, म्हणून तो उपयोगी पडला. पश्चिम बंगालमधल्या हॅमनी गंगासागर मेळ्यात हरवलेल्या माणसांना घरी पोचवण्याचं काम वर्षानुवर्षं चालवलं आहे, त्यातही मला हेच दिसतं: दरवर्षी येणारं, ठरलेलं, नवख्याला वाटून देता येणारं काम. आपल्याकडे पंढरीची वारी आहे, नाशिकचा कुंभमेळा आहे. अशा ठिकाणी पोलिसांची यंत्रणा असतेच, आणि तिच्या परवानगीनं, तिला पूरक म्हणून हॅमना करता येण्यासारखं पुष्कळ आहे.

मग दर्जाचं काय, असं जुनी मंडळी विचारतात. सगळ्यांना सांभाळून घ्यायचं म्हटलं तर लहरींवर शिस्त राहील का? या काळजीचा सगळ्यांत मोठा वाद मोर्सवर झाला. २००३ च्या जिनिव्हा परिषदेत लघुलहरींसाठी मोर्स सक्तीचं ठेवण्याची आंतरराष्ट्रीय अट रद्द झाली, २००७ मध्ये अमेरिकेनं ती पूर्णपणे काढली. आता कुणी मोर्स शिकणार नाही असं तेव्हा अनेकांनी बजावलं होतं. प्रत्यक्षात परदेशी मोर्स क्लब आज इंटरनेटवरून विनामूल्य वर्ग चालवतात आणि कुठलीही परीक्षा समोर नसलेली माणसं त्यात बसून शिकतात. सक्तीनं उमेदवार मिळत होते. आवड मात्र गुरू आणि सोबत्यांमुळे लागते. पण परीक्षा सोपी केली की सगळं सुटेल असं म्हणणाऱ्यांनाही याच इतिहासात उत्तर आहे. अमेरिकेत सोप्या ‘टेक्निशियन’ वर्गानं संख्या वाढली, आणि तिथले निम्मे परवानाधारक त्याच पहिल्या पायरीवर थांबलेले आहेत. ब्रिटननं २००२ मध्ये ‘फाउंडेशन’ परवाना आणला तेव्हा त्याला शनिवार-रविवारच्या अभ्यासवर्गाची आणि प्रात्यक्षिकाची जोड दिली होती, आणि ते वर्ग क्लबमध्येच भरत. माणूस परीक्षेच्या आधीच क्लबच्या ओळखीचा होई, ही त्यातली मला सर्वांत मोलाची बाब वाटते. शिस्तीचा प्रश्नही इथेच सुटतो. ज्याला जवळच्या माणसानं रीत दाखवली आहे त्याला लहरींवर सर्वांसमोर टोकावं लागत नाही. सकाळच्या ‘नेट’वर, म्हणजे लहरींवरच्या त्या ठरलेल्या भेटीत, महिन्यातून एकदा संचालनाची जबाबदारी नव्या परवानाधारकाकडे द्यावी, जुन्यानं शेजारी बसावं. कुणी केव्हा बोलायचं हे ठरवणारा माणूस नियम कधी विसरत नाही.

राहता राहिला शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आक्षेप: छंद लहान असेल तर लहान राहू दे, वाढवायचा हट्ट कशाला? गंजिफा किंवा तिकिटं जमवण्याबद्दल हे म्हणता येईल. हौशी रेडिओ सार्वजनिक मालमत्तेवर उभा आहे. त्याचे पट्टे जागतिक परिषदांत ठरतात, साधारण दर चार वर्षांनी त्यांचा फेरविचार होतो, आणि त्या लहरींची किंमत आता दूरसंचार आणि विमान उद्योगाला चांगली ठाऊक आहे. २०१९ मध्ये फ्रान्सनं १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानसेवेसाठी अभ्यासावा असा प्रस्ताव युरोपात मांडला. देशोदेशींच्या हौशी संघटना एकवटल्या आणि काही महिन्यांत तो मागे पडला. १२४० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यावर युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांमुळे २०२३ च्या परिषदेत हौशी वापराला मर्यादा सुचवल्या गेल्या. अशा वेळी संघटनेचा प्रतिनिधी काय दाखवणार? परवान्यांची यादी दाखवता येते, पण पट्ट्यावर शुकशुकाट असेल तर ती यादी दुबळी पडते. म्हणून क्लबांनी आपल्या वार्षिक अहवालात किती जणांना परवाना मिळाला याच्या शेजारी आणखी एक आकडा छापावा असं मी आग्रहानं सुचवतो: गेल्या वर्षी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जण या महिन्यात लहरींवर बोलले. हा आकडा सुरुवातीला दुखवणारा असेल, पण कुठल्या पायरीवर माणूस गळाला हे त्यातूनच कळेल.

हे आत्ताच करण्याला सूर्याचंही कारण आहे. सौर डागांचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं असतं. सध्याच्या पंचविसाव्या चक्राचा कमाल काळ आल्याचं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संस्थांनी जाहीर केलं. या काळात अठ्ठावीस मेगाहर्ट्झवर दुपारी काही वॉटमध्ये युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया सहज लागतात, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आलेल्या नव्या हॅमला रेडिओ म्हणजे एवढा सोपा असतो असंच वाटू लागलं आहे. या दशकाच्या अखेरीस तोच पट्टा आठवडेच्या आठवडे मुका राहील. ज्याला कुणी काही सांगितलेलं नाही तो संच बिघडला किंवा छंदच संपला असं समजून बाजूला होईल. त्याला आत्तापासून सात आणि साडेतीन मेगाहर्ट्झवर रात्री बसायला, लांब तार ताणून कमी उंचीवर चालणारी अँटेना बांधायला, कमकुवत संकेत पंधरा-पंधरा सेकंदांच्या टप्प्यांत उकलणारा एफटी-एट हा डिजिटल प्रकार वापरायला, आणि मोर्सचे निदान नेहमी लागणारे संकेत ओळखायला शिकवावं लागेल. प्रत्येक क्लबमध्ये मागचं सौर किमान अनुभवलेली चार-दोन माणसं आहेत. त्यांच्या जोडीला कुठला नवा परवानाधारक द्यायचा, हे ठरवायला पुढची बैठक पुरेशी आहे.